स्केल चेंजर पेटी घेण्याआधी तुमचा सा कुठला ते ठरवा

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, बदलून मोठी घ्यायची म्हटलं की दुकानात पहिल्यांदा पुढ्यात येते ती स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी. नऊ स्केलची, तीन लाइनची (म्हणजे रीडच्या तीन रांगांची), कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारी सोय) असलेली, आवाजाला भरदार. साध्या दोन लाइनच्या पेटीच्या दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. चांगल्या कारागिराने केलेली असेल तर वस्तू उत्तम असते, यात वाद नाही. पण ती कुणाच्या कामाची आणि कुणाच्या नाही, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे घरी एकटं गाणारा माणूसही तीच उचलतो आणि पुढे वर्षानुवर्षं काळी एकवरच (सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून) गात राहतो.

आधी आतली रचना बघू. साध्या पेटीत पट्टी, तिची स्प्रिंग आणि रीडवरच्या भोकावर बसणारी चामड्याची झडप हे सगळं एकाच लाकडी दांडीला असतं. पट्टी दाबली की झडप उचलते, हवा जाते, रीड (हवेने थरथरणारी पितळी जीभ) बोलते. बिघडायला जागाच कमी. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी चौकट वेगळी असते. खटका उचलून ती डावी-उजवीकडे सरकवायची, म्हणजे तीच पट्टी शेजारच्या झडपेवर येते आणि सगळं अर्ध्या अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जातं. नऊ स्केल म्हणजे नऊ खाचा. शेवटपर्यंत सगळ्या पट्ट्या बोलायच्या तर प्रत्येक लाइनला आठ रीड जास्तीच्या लागतात. स्वस्त पेट्यांत त्या वाचवलेल्या असतात, मग टोकाच्या खाचेत कडेच्या पट्ट्या मुक्या होतात. पट्टी आणि झडप वेगळ्या झाल्यामुळे मध्ये सांधा येतो, आणि तिथेच पुढच्या तक्रारी सुरू होतात: पट्टीची टकटक, एखादी पट्टी खोल तर एखादी वर, आणि चौकट खाचेत पुरती बसली नाही तर एका पट्टीत दोन स्वर. वजनही चार-पाच किलोंनी सहज वाढतं. लोकलने पेटी घेऊन फिरणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

पण खरी मेख ट्यूनिंगमध्ये आहे.

बाजारातली नवी पेटी समान अंतराने लावलेली असते. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप), सप्तकात १२००. या हिशोबात शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ वर असतो. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंट चढा. धैवत १६ चढा, निषाद १२ चढा, कोमल गंधार उलट १६ उतरलेला. पंचम मात्र जवळजवळ बरोबर, फरक फक्त २ सेंटचा. तंबोरा लावून यमनमध्ये पेटीच्या गंधारावर थांबलं की कानाला जे टोचतं, ते हेच. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या आक्षेपांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही याबरोबर हे ठरावीक सूरही होते. १९७१ नंतर ती हळूहळू रेडिओवर परतली.

यावर आपल्याकडच्या ट्यूनरांचा उपाय म्हणजे गंधार ट्यूनिंग. तुमचा सा धरून प्रत्येक रीड घासून गंधार, धैवत, निषाद तंबोऱ्याशी मिळवून देतात. अशी लावलेली पेटी आणि समान अंतराची पेटी शेजारी ठेवून वाजवली, तर न शिकलेल्या माणसालाही फरक कळतो. गाणाऱ्याचा गळा आपोआप जागेवर बसतो.

आता ही लावलेली पेटी स्केल चेंजर असेल तर काय होतं ते पाहा. समजा काळी एकचा सा धरून लावून घेतली. शुद्ध रिषभ २०४ सेंटवर, धैवत ८८४ वर. मग गाणारी मंडळी काळी दोनवर आली म्हणून चौकट दोन खाचा सरकवली. आता सा म्हणून वाजतेय ती आधीच्या रिषभाची रीड, आणि पंचम म्हणून वाजतेय ती आधीच्या धैवताची, म्हणजे काळी पाचची. ८८४ वजा २०४, ६८०. पंचम हवा ७०२ वर. बावीस सेंट उतरलेला पंचम! गंधाराची चूक खपून जाईल, पण तंबोऱ्याच्या पहिल्या, पंचमाला लावलेल्या तारेशी भांडणारा पंचम कुणालाही सहन होत नाही. पट्ट्या सरकतात, रीड जागच्या जागीच राहतात. ज्या रीडला एका सा साठी घासलं ती दुसऱ्या सा ला चालत नाही. म्हणून स्केल चेंजर समान अंतरालाच ठेवावी लागते. ‘गंधार ट्यूनिंग केलेली स्केल चेंजर’ म्हणून जादा पैसे मागितले, तर ते एका स्केलपुरतं आहे हे समजूनच द्यावेत. (डॉ. विद्याधर ओक यांनी केलेल्या २२ श्रुतींच्या पेटीत श्रुती बदलायची सोय खुंटीने केलेली आहे, पण तो वेगळाच मार्ग आहे.)

तेव्हा निवड अशी. तुम्ही स्वतः गाता, सा ठरलेला आहे, रियाजाला पेटी हवी आहे: साधी, साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या) दोन लाइनची पेटी घ्या. स्केल चेंजरचे वाचलेले पैसे चांगल्या रीडवर आणि ट्यूनरवर घाला. सा बदलला तर पुन्हा लावून घेता येते. साथीला बसता, एका संध्याकाळी काळी एकचे गायक आणि काळी चारच्या गायिका असतात, शिवाय मुलांच्या परीक्षा: मग स्केल चेंजर घ्या, समान अंतराची, आणि नऊ स्केल पुरेत. तेरा स्केलमध्ये वजन आणि सांधे वाढतात, त्या मानाने उपयोग थोडा. तरीही काळी एक, पांढरी चार आणि काळी चार एवढ्या तीन सा वरून बोटं फिरायला लागेपर्यंत थांबावं असं माझं ठाम मत आहे. खटक्याची सवय आधी लागली की बाकीच्या पट्ट्या कायमच्या परक्या राहतात. भजनी मंडळाला तर साधी सागवानीच बरी. ती देवळातून घरी, घरून टेम्पोत आपटत फिरते, आणि सांधे जितके कमी तितकं बरं.

तिसरी लाइन हवी का? मादीची (वरच्या सप्तकाची) लाइन आवाजाला धार देते, दुसरी नरची लाइन भरणा देते. दोन्हींना हवा जास्त लागते आणि डावा हात लवकर थकतो. छोट्या खोलीत रियाजाला दोन लाइन पुष्कळ.

बदलण्याआधी जुनी पेटी एकदा उघडून बघा. निम्म्या तक्रारी पेटी जुनी झाल्याच्या नसतातच. एखादा स्वर बोलत नसेल तर रीडच्या जिभेखाली धुळीचा कण असतो. रीडची फळी काढून, जीभ नखाने केसभर उचलून पातळ कागद सरकवला की बोलते. जीभ वाकवायची नाही. पट्टी न दाबता सूर येत असेल तर झडपेचं चामडं कडक झालंय किंवा स्प्रिंग ढिली आहे. दम पुरत नसेल तर भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांजवळून उदबत्ती फिरवा, कापडाला न टेकवता. धूर जिथे हलतो तिथे चामड्याची पट्टी चिकटवायची. सूर हलला असेल तर ट्यूनर जिभेचं टोक घासून तो चढवतो, रिपिटाजवळ घासून उतरवतो. प्रत्येक वेळी पितळ कमी होतं, म्हणून दर दोन महिन्यांनी लावून घेण्याचा हौशी हट्ट नको. हे सगळं करूनही भाता दम धरत नसेल, लाकडाला चीर गेली असेल किंवा पट्ट्यांची भोकं मोठी होऊन त्या डुलत असतील, तर मात्र बदलायची वेळ आली.

दुकानात जाताना मोबाइलवर तंबोरा घेऊन जा आणि घाई करू नका. मंद्र, मध्य, तार असे तिन्ही सा एकदम दाबा. आवाज ‘वँव-वँव’ हलता कामा नये. मग एकेक लाइन वेगळी उघडून तेच. भाता पूर्ण भरा, हात काढा, एक मिनिट थांबा, मग मध्य सा दाबा. तेव्हाही सूर आला पाहिजे. सूर किती सेकंद टिकतो ते मोजा आणि शेजारच्या पेटीशी ताडून बघा. खर्जाच्या शेवटच्या चार पट्ट्या अगदी हलक्या हवेवर वाजवा: चांगली रीड लगेच बोलते, हलकी रीड उशिरा जागी होते. मग झाकण काढायला सांगा. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड आहेत असं सांगतील. नावापेक्षा काम बघा. सगळ्या जिभा सारख्या कापलेल्या, खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी फट, कानशीचे ओरखडे मोजकेच. नव्या पेटीच्या रीडवर खोल ओरखडे दिसले तर ती जबरदस्तीने सुरात आणलेली आहे. स्केल चेंजर असेल तर नऊच्या नऊ खाचांत, दोन्ही टोकांच्या पट्ट्या वाजवून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

खरेदीसाठी एप्रिल-मे बरा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, सांधे घट्ट वाटतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फटी दिसायला लागतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर पेटी भिंतीपासून हातभर दूर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि रोज पाच मिनिटं तरी सगळ्या पट्ट्या वाजवा. बंद राहिलेल्या पेटीला कसर लवकर लागते, आणि ती आधी झडपांवर येते.

जुनी पेटी बदल्यात देण्याआधी आतल्या रीड एकदा जाणकाराला दाखवा. आजोबांच्या काळची पेटी असेल तर त्यात जर्मन रीड असू शकतात. खोका मोडकळीला आला तरी त्या रीड नव्या सागवानी खोक्यात बसवता येतात, आणि तशी पेटी शोकेसमधल्या बहुतेक पेट्यांपेक्षा गोड बोलते.