वंडर वुमनचे तीन संग्रह, आठ महिन्यांनंतर

वंडर वुमन या अमेरिकी कॉमिकमधल्या नायिकेच्या जुन्या गोष्टींचे, गेल्या गणपतीत घेतलेले तीन संग्रह परवा एकदाचे संपले. एक १९४१ ते ४३ चा ठोकळा, दुसरा १९६८ पासूनच्या गोष्टींचा आणि तिसरा १९८७ पासूनचा, लेखक-चित्रकार जॉर्ज पेरेझचा.

आधी वस्तूबद्दल. ठोकळ्याचा कोपरा चेपलेलाच आला. विक्रेत्याने "वाचता येतंय ना?" म्हणून बोळवण केली. सातशेच्या वर पानं; आडवं पडून वाचायला गेलं तर छातीवर वरवंटा. शेवटी माळ्यावरून आजीच्या पोथीचं व्यासपीठ काढलं, त्यावर पान छान उघडं राहतं. बांधणी अजून पक्की आहे.

हिचा जनक विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी त्याचीच. म्हणून मी धरूनच चाललो होतो की तिचा सोनेरी दोर पहिल्यापासून खरं बोलायला लावणारा. तसं नाहीच! १९४२ मध्ये दोर हातात येतो तो हुकूम पाळायला लावणारा. ज्याच्याभोवती पडेल त्याने सांगितलेलं ऐकायचं. तोच दोर शत्रूच्या हाती लागला की ऐकायची पाळी हिच्यावर. शिवाय पुरुषाने तिच्या मनगटांतल्या कड्यांना साखळी जोडली की शक्ती गेलीच. त्यामुळे दर चार पानांनी बाई बांधलेली. प्रेमळ सत्तेपुढे स्वखुशीने नमावं हा मार्स्टनचा सिद्धान्त खरा, पण शंभराव्या पानावर मला त्याचा कंटाळा आला. रात्री एकच गोष्ट, एवढाच डोस ठेवा.

तरीही जीव आहे तो इथेच. अ‍ॅमेझॉन या योद्ध्या बायकांच्या बेटावरून अमेरिकेत आल्या आल्या ती रंगमंचावर कड्यांनी गोळ्या अडवायचा खेळ करून पैसे कमावते. एजंट गल्ला घेऊन पळतो, ही त्याला धावत गाठते. मग पायऱ्यांवर रडत बसलेली, हुबेहूब हिच्यासारखी दिसणारी एक नर्स भेटते. होणारा नवरा दक्षिण अमेरिकेत आणि तिकडे जायला पैसे नाहीत. ही रोख मोजते आणि तिचं नाव, नोकरी सगळं विकत घेते. लोकांत वावरायचं तिचं डायना प्रिन्स हे नाव असं आलंय! एच. जी. पीटरची चित्रं जुन्या जाहिरातींसारखी, ठसठशीत रेषेची. जपानी माणसांची चित्रं मात्र आज बघवत नाहीत.

मार्स्टन १९४७ मध्ये गेला. पुढची वीसेक वर्षं लेखणी मुख्यतः रॉबर्ट कॅनिगरकडे होती. तो काळ माझ्याकडच्या संग्रहांत नाही आणि त्याची फार हळहळही नाही.

१९६८ मध्ये तर तिने शक्ती सोडली, पोशाख सोडला, दोरही. पांढरे कपडे, कपड्यांचं दुकान, एक अंध गुरू आणि मारामारी. शिव्या घालायच्या तयारीनेच उघडला, पण सगळ्यात भरभर संपला तो हाच. 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाच्या संस्थापकांपैकी एक, ग्लोरिया स्टाइनम, हिला मात्र हे रुचलं नव्हतं. १९७२ मध्ये त्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली वंडर वुमन झळकली आणि पुढच्या वर्षी कॉमिकमध्येही तिची शक्ती परत आली.

पेरेझची चित्रं देखणी, एकेका चौकटीत दहा मिनिटं जातात. दोर आता ग्रीकांचा लोहार देव हेफेस्टसने घडवलेला आणि काम सत्य वदवण्याचं. हुकूम वगैरे गेलं. दोर सभ्य झाला, बाईही जरा जास्तच गंभीर झाली. एक बरं केलंय, मातीचा जन्म ठेवलाय. पार्वतीने मळापासून गणपती घडवला तशी राणी हिपोलिटा मातीतून मुलगी घडवते, बापाचा पत्ताच नाही. २०११ मध्ये ग्रीकांचा देवराज झ्यूस, त्याला आणून बाप म्हणून बसवलं. ते पुस्तक मी घेणार नाही.

कुणाला पहिल्यांदाच घ्यायचं असेल तर पेरेझपासून सुरू करा. माझा तो संग्रह भाचीने कधीच उचलून नेला. ठोकळा मागितलान, तो नाही दिला. चेपलेल्या कोपऱ्यासकट व्यासपीठावर आहे.