बिनानावाची मुलगी आणि महिन्याचे १४९ रुपये : वंशावळीच्या अ‍ॅपचा सात महिन्यांचा अनुभव

१९ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला फोन वाजला. सोयाबीन काढायला मजूर यायचे होते, मी बैलांना पाणी दाखवत होतो. फोन ओट्यावर. मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या चुलतीनं, उचलला, चष्मा चढवला आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं वाचलं : ‘आज मुलगी यांचा १०७ वा वाढदिवस! शुभेच्छा पाठवा.’ खाली केकचं चित्र.

“एकशेसात वर्साची पोरगी कोन्ती रे आपल्या घरात?”

त्या दिवशी ठरवलं की या अ‍ॅपबद्दल लिहायचंच. नाव घेत नाही. अशी ढीगभर अ‍ॅपं आहेत आणि रोग बहुतेक सगळ्यांचा एकच असावा. झाड कसं काढायचं, फांदी कशी जोडायची, हे सगळ्यांना माहीत असेल, त्यात वेळ घालवत नाही. मी एप्रिलपासून महिन्याला १४९ रुपये भरतोय, ऑटो-पेनं. सात महिन्यांचे १,०४३ झाले. एवढ्यात डीएपी खताच्या पोत्याचा बराचसा भाग निघाला असता.

सुरुवात कामापुरती होती. पुतण्याला इंजिनिअरिंगसाठी जात वैधता हवी होती आणि आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. शाळेचा दाखल खारीज, म्हणजे नाव घातल्या-काढल्याची नोंद, १९३१ ची निघाली, पण त्यातली आजोबांची जन्मतारीख १ जुलै. आमच्याकडे शाळेत घातलेल्या निम्म्या गावाचा जन्म १ जुलैचाच आहे. कोणीतरी म्हणालं, कोतवाल बुकात बघा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे सांगायचं काम कोतवालाकडे होतं. तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचा, तिथला कोणी लिहून घ्यायचा. म्हणून स्पेलिंग ठाण्याचं आणि आठवण कोतवालाची. ही जुनी पुस्तकं आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल बस्त्यांत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचं काम आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झालं, आणि वर्षानुवर्षं गाठ न सुटलेले बस्ते उघडले गेले. आम्ही माळी, आमचा मराठा-कुणबी आरक्षणाच्या वादाशी संबंध नाही, पण धूळ झटकली गेली त्याचा फायदा आम्हालाही झाला.

अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, दोन चकरा, आणि आजोबांची १९२३ ची नोंद मिळाली. नक्कल घेतली, पुतण्याचं काम झालं. अ‍ॅपची इथपर्यंत काहीच गरज नव्हती. पण त्या पिवळ्या पानावर आजोबांच्या ओळीच्या वरखाली सगळं गाव होतं. देशमुखांच्या वाड्यातला मुलगा, महारवाड्यातली मुलगी, तेल्याची जुळी. मला चटक लागली. दर सोमवारी बाजाराच्या निमित्तानं तालुक्याला, आणि बाजाराची पिशवी रेकॉर्ड रूमच्या बाकाखाली. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे पेन्सिलीनं उतरवायचं आणि रात्री अ‍ॅपमध्ये भरायचं.

आता मूळ तक्रार. कोतवाल बुकात मुलाचं नाव बहुतेक नसतंच. बारशाच्या आधी नोंद होते, मग नाव कुठून येणार? रकान्यात असतं : ‘महादू वल्द सखाराम, माळी, मुलगी १’. महादू म्हणजे माझे पणजोबा. वल्द म्हणजे चा मुलगा. आईचा रकानाच नाही. बायको मेली तर ‘जौजे महादू’, विधवा असली तर ‘बेवा’. बाईचं स्वतःचं नाव असलं तर नशीब.

आणि अ‍ॅप? ‘नाव भरणे आवश्यक आहे.’ लाल अक्षरात. रिकामं सोडलं तर पुढे जाऊ देत नाही. टिंब टाकलं तर ‘कृपया वैध नाव प्रविष्ट करा’. आडनावही आवश्यक, आणि त्या काळच्या पुस्तकात आमचं आडनाव कुठेच नाही, बापाचं नाव आणि जात एवढ्यावर माणूस ओळखला जायचा. मी ‘महादू वल्द सखाराम’ असं जसंच्या तसं भरलं तर अ‍ॅपनं वल्द हे मधलं नाव केलं, सखाराम हे आडनाव केलं आणि दुसऱ्या दिवशी ‘सखाराम घराण्याचा इतिहास’ अशी जाहिरात दाखवली. गावाचंही तेच. १९१८ साली आमचं गाव मध्यप्रांत व वऱ्हाडात, १९५० ला मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही. अ‍ॅपच्या यादीत पर्याय एकच. पण ते मी सोडून दिलं. नावाचं मात्र सोडवेना.

ऑक्टोबर १९१८ मध्ये पणजोबांना मुलगी झाल्याची नोंद मला मे महिन्यात सापडली होती. म्हणजे आजोबांची मोठी बहीण, जिच्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. तिला अ‍ॅपमध्ये काय नाव देणार? ‘मुलगी’ लिहिलं. लगेच अ‍ॅप म्हणालं, तुमच्या ‘मुलगी’ यांच्याशी जुळणाऱ्या दोनशेहून जास्त व्यक्ती इतर झाडांत सापडल्या आहेत, जोडायच्या का? उघडून पाहिल्या. भंडाऱ्याची मुलगी, मोर्शीची मुलगी, वाशीमची मुलगी. माझ्यासारख्याच कोणाकोणाच्या पोरी, सगळ्यांचं नाव मुलगी. मी एकच काय, सगळा विदर्भ या रकान्याशी झगडतोय हे तेव्हा कळलं.

ग्राहक सेवेला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर : ‘व्यक्तीचे पूर्ण नाव कुटुंबातील ज्येष्ठांना विचारून प्रविष्ट करावे.’ १९१८ च्या पोरीचं नाव माहीत असलेला ज्येष्ठ मी कुठून आणू?

इथपर्यंत माझ्या मनात एकच स्टार होता. तोही आजोबांच्या मोहात दिलेला.

आता वाढदिवसाकडे परत येतो. मोठ्या आईला सांगितलं, ही महादू आबांची पहिली पोरगी, पुस्तकात सापडली. ती म्हणाली, “मंग मेली कधी?” खरंच, मृत्यू मी बघितलाच नव्हता. तारीख न भरल्यामुळे अ‍ॅपच्या हिशोबानं ती जिवंत होती, म्हणून केक. जन्माचे बस्ते एका मांडणीवर, मृत्यूचे दुसरीकडे, आणि मला कामाचे सगळे जन्मच वाटत होते.

आणखी एक गोष्ट आठवली, ती कबूल करायला लाज वाटते. मे महिन्यापासून त्या मुलीच्या चौकटीवर एक पिवळा त्रिकोण येत होता. आई म्हणून अ‍ॅपनं आपोआप पणजीला जोडलं होतं, कारण पणजोबांची तेवढीच बायको झाडात होती. पणजी १९७१ मध्ये गेली. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची अंमलबजावणी आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून झाली, त्यामुळे तिचा दाखला सरळ ग्रामपंचायतीत मिळाला होता. वय ६१. त्रिकोणावर बोट ठेवलं की यायचं : ‘जन्माच्या वेळी आईचे वय ८. कृपया तपासा.’ मी पाच महिने तो त्रिकोण बोटानं बाजूला सारत होतो. वाटायचं, जुन्या लोकांची वयं अंदाजपंचे, ग्रामसेवकानं काहीही लिहिलं असेल, या मशीनला काय कळतं.

पुढच्या सोमवारी १९१८ चं मृत्यूचं पुस्तक काढलं.

ते पुस्तक दिसायलाच वेगळं आहे. ऑगस्टपर्यंत महिन्याला पाच-सहा ओळी, कारणाचा रकाना मिसळीचा : हगवण, देवी, सर्पदंश, ताप. ऑक्टोबर उघडला आणि रकाना भरून गेलेला. ताप, ताप, ताप. पुढे तर लिहिणाऱ्यानं कंटाळून ताप लिहायचंही सोडलंय, नुसती खालपर्यंत उभी रेघ ओढलीय. आजोबा ज्याला ‘मानमोडीचं साल’ म्हणायचे ते हेच, इन्फ्लुएंझाच्या साथीचं. काही पानं मोडी लिपीत आहेत. डोक्यावरची रेघ आधी ओढून तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. रेकॉर्ड कीपर भले माणूस, त्यांनी पाटीवर अक्षर काढल्यासारखं एकेक वाचून दिलं.

२२ ऑक्टोबर : जौजे महादू वल्द सखाराम, माळी, वय २०, ताप.

२७ ऑक्टोबर : महादूची मुलगी, वय ८ दिवस, ताप.

पणजी २२ ऑक्टोबर १९१८ ला मेली नव्हती. माझ्या बापाला तिनं खांद्यावर खेळवलं आहे. म्हणजे ही दुसरी कोणीतरी. म्हणजे पणजोबांची आधी एक बायको होती, आणि आमची पणजी नंतरची. शंभर वर्षांत घरात कोणी बोललं नाही, आणि मोबाइलातला पिवळा त्रिकोण मे महिन्यापासून तेच सांगत होता.

घरी येऊन मोठ्या बाबांना सांगितलं. ते गप्प बसले. मोठी आई भाकरी टाकत होती, ती टाकताटाकताच म्हणाली, “मंग हेच असंन थे. माह्या सासूनं सांगतलं होतं, नवमीले सवाशीन जेवाले घालाचीच. कोनाची, थे तिलेही मालूम नोतं.”

पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ती असते. पण आमच्या माहितीतली प्रत्येक आजी, पणजी विधवा होऊनच गेली. दरवर्षी शेजारची काकू येते, पुरण होतं, ओटी भरतात, आणि कोणासाठी हे विचारलं की मोठी माणसं ‘पहिलेपासून आहे’ म्हणतात. मीही सप्टेंबरमध्ये दोन वेळा पुरण वाढून घेतलं होतं.

म्हणून आता मत बदलतो. त्रिकोणाला पैकीच्या पैकी. वयं, तारखा, नाती यांचा मेळ घालायचं काम हे अ‍ॅप माझ्यापेक्षा चांगलं करतं आणि मी त्याचं ऐकलं असतं तर पाच महिने वाचले असते. नकाशा आणि फोटोची भानगड निरुपयोगी. ‘आपले वृक्ष वाढवा’ ही भाषा ज्यानं लिहिली त्याला महिनाभर मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला ठेवावं. लग्नाची नोंद शोधायची असेल तर अ‍ॅपकडूनही आशा ठेवू नका, कोतवाल बुकात लग्नं नसतातच. त्यासाठी वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीची वाट बघा किंवा त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे नामावळी काढा. आजीचं माहेर वर्धा नदीपलीकडे, कौंडण्यपूरच्या बाजूला. तिकडचं पुस्तक कोतवालाचं नाही, पाटलाचं, ती शोधाशोध दिवाळीनंतर.

पण जौजे महादूला झाडात जोडायला गेलो आणि पुन्हा तेच. ‘नाव भरणे आवश्यक आहे.’ मी ‘जौजे’ लिहिलं. अ‍ॅपनं विचारलं, जौजे यांचे माहेरचे आडनाव? तिथे फोन आपटणार होतो, पण त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

एकूण अडीच स्टार. ऑटो-पे बंद केलं. फुकटच्या आवृत्तीत झाड राहतं, एवढं खात्रीनं सांगतो, भीती बाळगू नका.

ताजा कलम, नोव्हेंबर : अपडेट आलंय. नावाच्या रकान्याखाली आता एक चौकट आहे, ‘नाव माहीत नाही’. एवढ्यासाठी मी चार मेल केले होते, म्हणून हरखून टिक केली. झाडावर त्या दोघींच्या जागी आलं, ‘खाजगी व्यक्ती’. टिक काढली आणि पुन्हा ‘मुलगी’ लिहिलं.