स्टेज वन म्हणून पैसे दिले आणि हातात आला फक्त फटाक्यांचा आवाज

हे लिहायला मला आठ महिने लागले कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. गाड्यांच्या गप्पांमध्ये मीच सगळ्यांना अक्कल शिकवणारा, सेकंडहँड गाडी घ्यायची तर मित्र मलाच बरोबर नेतात, आणि मलाच व्यवस्थित टोपी घातली गेली.

गाडी म्हणजे गोल्फ जीटीआय, सातवी जनरेशन, दोन लिटर टर्बो, मॅन्युअल. कंपनीतून २२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. १९७६ ची पहिली जीटीआय ११० पीएसची होती आणि वजन ८०० किलोच्या आसपास, म्हणजे मजा आकड्यात नसते हे मला माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग, खाज सुटली की सुटते. या इंजिनला नुसत्या सॉफ्टवेअरवर, एकही पार्ट न बदलता (यालाच स्टेज वन म्हणतात), ३०० च्या जवळपास पीएस मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच डोक्यात बसलं.

ज्याच्याकडे गेलो त्याचं नाव लिहीत नाही. बोलायला एकदम गोड, "भाऊ, तुमच्या गाडीसाठी कस्टम फाइल लिहितो, रेडीमेड टाकत नाही, डायनोवर आधी आणि नंतर रन काढून देतो." (फाइल म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर, डायनो म्हणजे गाडीची पॉवर मोजायचं यंत्र.) गाडी सकाळी सोडा आणि संध्याकाळी न्या म्हणाला. मी डायनो बघायला थांबतो म्हटलं तर इन्शुरन्समुळे आत कोणाला घेत नाही म्हणे. ठीक आहे म्हटलं. आता विचार केला की कळतं, त्या माणसाने मी कुठलं पेट्रोल टाकतो, ९५ ऑक्टेन की ९८, हे एकदाही विचारलं नाही. कस्टम फाइल लिहिणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण नॉक (मिश्रण नको तेव्हा पेटणं) किती होणार आणि इग्निशन किती पुढे नेता येणार, म्हणजे स्पार्क किती आधी देता येणार, हे त्यावरच ठरतं. तिथेच उठून यायला पाहिजे होतं.

संध्याकाळी गाडी घेतली आणि काय सांगू, पहिल्याच सिग्नलला वाटलं रॉकेट झालंय, पेडलला नुसता स्पर्श केला की उडी मारायची, आणि पाय सोडला की मागून फटफट फटफट. घरी जाईपर्यंत मी एकटाच हसत होतो. हातात रंगीत प्रिंटआउट, ३०१ हॉर्सपॉवर. भिंतीवर लावला होता तो कागद, हेही सांगून टाकतो.

त्याच भरात त्याच्याकडूनच "फोर्ज्ड" (दाबून घडवलेले, हलके) अलॉय व्हील पण घेतले. त्याचं थोडक्यात सांगतो, वजनकाट्यावर ठेवले तर सांगितलेल्यापेक्षा प्रत्येकी जवळजवळ तीन किलो जड, साधे कास्ट (ओतीव) निघाले, आणि मधलं भोक ६६.६ मिलिमीटरचं तर गोल्फचा हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) ५७.१ चा, मधली रिंग दिलीच नाही, त्यामुळे शंभरच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं. बोल्ट बसतात म्हणजे व्हील बसलं असं नसतं.

तर चार महिन्यांनी इंजिन लाइट लागला. कोड पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग, थोडक्यात कॅट) नीट काम करत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी कंप्युटर लावला आणि गाडीच्या नावापुढे टीडी१ ची नोंद पडली, म्हणजे सॉफ्टवेअरशी छेडछाड, इंजिन गिअरबॉक्सची वॉरंटी संपली. एकदा ही नोंद झाली की मग मूळ फाइल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. मला वाईट वाटलं पण मनात म्हटलं चला, ऐंशी पीएस जास्त मिळालेत ना, त्याची किंमत समजू. (इथे हसायला हरकत नाही.)

मग एका ट्रॅक डेला ओळखीतला एक जण आला, माझ्यासारखीच गाडी, तेच वर्ष, तोच गिअरबॉक्स, एकदम स्टॉक. सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० वरून दोघांनी एकदम पूर्ण पाय दिला. ३०१ विरुद्ध २२० असेल तर तो आरशात बारीक दिसायला पाहिजे ना. तो माझ्या खिडकीशेजारीच. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा तर तो अर्धी गाडी पुढे, माझे ते जड अलॉय असतील. तो बिचारा मला म्हणाला की तुझी गाडी गरम झाली असेल. आणि मला एकदम आठवलं, स्टेज वन केलेल्या बऱ्याच मॅन्युअल जीटीआयचा क्लच घसरायला लागतो, लोक वैतागलेले असतात, आणि मी छाती फुगवून सांगायचो की माझा क्लच कसा टकाटक आहे! घसरणार कसा, टॉर्कच वाढला नव्हता.

घरी येऊन तो कागद भिंतीवरून काढला आणि पहिल्यांदा नीट बघितला. हे सगळ्यांनी शिकून ठेवा कारण याला काही यंत्र लागत नाही. जेम्स वॉटने एक हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड धरली, त्याला २π ने भागलं की ५,२५२ येतं. म्हणून कागदावर पॉवर हॉर्सपॉवरमध्ये आणि टॉर्क पाउंड-फूटमध्ये एकाच स्केलवर काढले असतील तर त्या दोन रेषा ५,२५२ आरपीएमलाच एकमेकांना कापतात, गाडी कुठलीही असो. माझ्या कागदावर त्या ४,६०० ला कापत होत्या. म्हणजे कोणीतरी एक रेष उचलून वर सरकवली होती. शिवाय हवेचं तापमान नाही, दाब नाही, करेक्शन फॅक्टर नाही, रन नंबर नाही, चाकावरचा आकडा की क्रँकवरचा तेही नाही. चार महिने मी रोज त्या कागदासमोर बसून चहा प्यायलो.

मग खात्री करायला लॉग काढले, म्हणजे गाडी पळताना तिच्या कंप्युटरमधले आकडे नोंदवून घेतले. मी आणि त्या स्टॉकवाल्याने दोघांनी, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ६,५०० पर्यंत पूर्ण पाय. ईसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) मागितलेला बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब, प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, इग्निशन टायमिंग, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), सगळं एकमेकांवर ठेवलं तर दोन गाड्या ओळखू येईनात. शेवटी ट्यूनिंगचं काम करणाऱ्या एकाने ईसीयू काढून बेंचवर वाचला आणि मूळ फाइलशी ताडून बघितला. बूस्टच्या टेबलला हातही लावलेला नव्हता. बदललेल्या गोष्टी दोनच. एक पेडल मॅप, म्हणजे पाव पेडल दाबलं की थ्रॉटल अर्ध्याच्या वर उघडायचं, त्यामुळे शहरात गाडी चवताळल्यासारखी वाटते, पण पूर्ण पाय दिल्यावर जेवढं होतं तेवढंच. आणि दुसरं ते फटाके. पाय सोडल्यावर ईसीयू एरवी पेट्रोल बंद करतो, इथे ते चालू ठेवून स्पार्क उशिरा दिला होता, म्हणजे मिश्रण एक्झॉस्टमध्ये जाऊन जळणार, आवाज मस्त, आणि भाजून निघतो तो कॅट. माझा कॅट ज्या आवाजावर मी खूश होतो त्यानेच खाल्ला.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला तुमचं पेट्रोल खराब, मग म्हणाला दुसऱ्याने फाइल उघडली आता माझी जबाबदारी नाही, मग फोनच उचलेना. पावतीवर काय लिहिलं होतं बघा, "सॉफ्टवेअर सर्व्हिस". रिमॅप (ईसीयूची फाइल बदलणं) हा शब्द नाही, आकडा नाही, मूळ फाइलचा बॅकअप दिल्याची नोंद नाही. हॉर्सपॉवर फक्त तोंडी आणि त्या कागदावर, आणि कागदावर सही शिक्का काही नाही. कोणाकडे तक्रार करणार, काय दाखवणार.

आणि सगळ्यात भारी म्हणजे मध्यंतरी त्याचा अजून एक गिऱ्हाईक भेटला, त्याची १.६ टर्बोची वेगळ्याच कंपनीची हॅच. त्याचाही कागद होता. ३,९०० आरपीएमला टॉर्कच्या रेषेला जो छोटासा उंचवटा माझ्या कागदावर होता तोच, तिथेच, त्याच्याही कागदावर. फक्त वरचं गाडीचं नाव बदललेलं.

आता गाडी स्टॉक फाइलवर आहे, नवीन कॅट बसवला, जुने व्हील परत लावले. बेंचवर ईसीयू वाचणाऱ्यालाच विचारलं की आता तूच खरं स्टेज वन कर बाबा, पैसे आत्ता देतो. तो म्हणाला पैसे ठेव खिशात, तुझ्या लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग वरच्या आरपीएमला मागे येतंय, आधी प्लग बदल, कॉइल बघ, नेहमीच्या पेट्रोलवर परत लॉग काढ आणि पाठव, मग बोलू. प्लग मागवलेत, फाइल अजून टाकलेली नाही.