डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ: क्रिकेटला पैकीच्या पैकी, फुटबॉलला जेमतेम पास

2008 साली उघडलं आणि त्याच वर्षी आयपीएलच्या पहिल्या हंगामाची फायनल इथे झाली. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे छप्पर: ते मागच्या बाजूने तोललेलं आहे, त्यामुळे डोळ्यांसमोर खांब येत नाही. पाऊस तिरका असेल तर पुढच्या रांगा मात्र भिजणारच.

पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटने या मैदानाला फारसं काही दिलं नाही. 2009 मधला भारत-ऑस्ट्रेलिया वनडे एकही चेंडू न पडता पावसात गेला. मैदानाला नाव दिलं ते बायकांनी. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची सुपर ओव्हर (बरोबरी झाल्यावरचं निर्णायक षटक), वर्षभराने इंग्लंडवर कसोटीत 347 धावांनी विजय, आणि 2 नोव्हेंबर 2025 ची विश्वचषक फायनल: भारत 298, दक्षिण आफ्रिका 246. रात्रीच्या सामन्याला इथे दव पडतं, चेंडू साबणासारखा निसटतो आणि फिरकीवाल्यांचे हाल होतात. तशात दीप्ती शर्माने त्या रात्री पाच बळी काढले, हे विशेष.

फुटबॉलही इथे मोठं झालं आहे. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक, 2022 ची महिला आशिया कप फायनल, शिवाय आयएसएल (इंडियन सुपर लीग). पण बघायला? गोल मैदानात 105 बाय 68 मीटरचा आयत बसवायचा म्हटल्यावर गणित बिघडतंच. सीमारेषा मधोमधपासून 70 मीटरवर धरली, तर गोलपोस्टमागे सतराएक मीटर रिकामे राहतात आणि टचलाइनपलीकडे (मैदानाच्या लांब बाजूंना) तब्बल 36. म्हणून बाजूच्या स्टँडमध्ये खालचं तिकीट घेऊ नका. वरचा मजला घ्या, निदान संघाची मांडणी तरी दिसते. क्रिकेटला साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या) रेषेत बसलात की स्विंग कळतो.

कॉन्सर्टला (यू2, कोल्डप्ले इथेच झाले) स्टेजमागचा भाग वाया जातो. शिवाय गवतावर टाकलेले पत्रे जास्त दिवस राहिले की खाली ऊन-वारा लागत नाही, गवत पिवळं पडतं आणि पुढच्या खेळाला आउटफिल्ड ठिगळ लावल्यासारखी दिसते.

गाडी आणू नका. सायन-पनवेल हायवे सामना सुटल्यावर तुंबतो. नेरूळहून हार्बर आणि ठाण्याकडची ट्रान्स-हार्बर, दोन्ही मिळतात; फक्त शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, सुपर ओव्हर लागली तर कोणी थांबत नाही.