वाचनालयाची यादी पडद्यावर: आठ महिने वापरून झाल्यावर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात सभासद साडेतीनशे, पुस्तकं दोन हजारांच्या आसपास. मी मकरपुऱ्याला एका कारखान्यात हिशेब बघतो. प्रोग्रामिंग कुठे शिकलेलो नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा हाताशी यावी म्हणून वाचनालयाची रजिस्टरं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरवायला घेतली. सर्व्हर लागत नाही, सगळं एका फाइलीत मावतं आणि पायथनबरोबर ते आपसूक येतं, त्यामुळे त्या निवडीबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. नोंदी आत घालायला दोन रविवार लागले. त्या बाहेर नीट दाखवण्यात पावसाळा गेला.

पहिला प्रकार अर्थातच प्रिंट. ‘फेचऑल’ने डेटाबेसमधल्या सगळ्या ओळी एकदम मागवल्या आणि प्रत्येक ओळ पडद्यावर छापली. कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम सगळं जसंच्या तसं पडद्यावर. ज्यांचा फोन लिहिलेला नव्हता त्यांच्यापुढे ‘नन’, म्हणजे पायथनच्या भाषेत ‘काहीच नाही’. ग्रंथपाल काकूंनी चष्मा वर करून विचारलं, “अरे, हे नन कोण? आपल्याकडे एवढे नन कधी झाले?” ते रिकामं केलं आणि मग स्तंभ सरळ करायच्या मागे लागलो. पुस्तकात लिहिलं होतं की नाव वीस अक्षरांच्या जागेत बसवा. इंग्रजी नावं झकास बसली, मराठी नावांनी रांग मोडली. कारण पायथन अक्षरं मोजत नाही, संकेत मोजतं, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त यांचाही एकेक वेगळा धरतं. ‘जोशी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याला चार. ‘पटवर्धन’ आपल्याला पाच, त्याला सात. शिवाय देवनागरी अक्षरांची रुंदी काही सारखी नसते. दोन रात्री घालवून हा नाद सोडला. माझं मत विचाराल तर प्रिंट स्वतःपुरतं ठेवावं. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर येतंय का, एवढं बघायला त्याच्याइतकं झटपट काही नाही, आजही मी तेच वापरतो.

दुसरा प्रकार टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथनच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनात, प्रत्येक खान्याला एक लेबल. आठ नमुना नोंदींवर इतकं सुबक दिसलं की घरी सगळ्यांना दाखवलं. मग दोन हजार पुस्तकं, पाच स्तंभ, म्हणजे दहा हजार लेबलं. खिडकी उघडेपर्यंत खाली जाऊन सेव-उसळ खाऊन यावं. वर स्क्रोल करायची सोय वेगळी बांधावी लागते ती निराळीच. हा रस्ता घेऊ नका. टीकिंटरमधलाच लिस्टबॉक्स, म्हणजे नुसत्या यादीची चौकट, सुटसुटीत आहे, पण त्यात स्तंभ नाहीत. नुसती नावं दाखवून एक निवडायचं असेल तर बरा.

मुक्काम पडला तो टीकिंटरमधल्याच ट्रीव्ह्यूवर. नावावरून झाडासारखं काही वाटतं, पण त्याच्या ‘शो’ या पर्यायाला ‘हेडिंग्ज’ दिलं की साधा तक्ता मिळतो. आठ महिने रोज संध्याकाळी काकू तोच वापरतात. त्याच्या खोड्या मात्र सांगायलाच हव्यात, कारण मी त्यांत पुरता सापडलो.

ओळीची उंची मुळात वीस पिक्सेल. टंक मोठा केला की वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. स्टाइलमध्ये उंची तीस केली आणि प्रश्न मिटला. नवी यादी भरण्याआधी जुन्या ओळी काढायच्या, नाहीतर प्रत्येक शोधानंतर यादी शेपटासारखी वाढते. ‘००४५’ हा दाखल क्रमांक ओळीतून परत वाचला तर ४५ होऊन येतो, कारण आकड्यासारखं दिसणारं ते आकडाच धरतं.

सगळ्यात महागात पडली ती ओळीची ओळख. आपण काही दिलं नाही तर ट्रीव्ह्यू स्वतःच ओळींना आय-००१, आय-००२ अशी नावं देतो. मी त्यातला आय काढून उरलेला आकडा सभासद क्रमांक म्हणून वापरला. नमुन्यात आठच नोंदी होत्या, त्यामुळे बिनबोभाट चाललं. दहाव्या ओळीला नाव आलं आय-००ए, कारण ती मोजणी सोळाच्या पायावर चालते, म्हणजे नऊनंतर ए येतो, आणि प्रोग्राम कोसळला. ते दुरुस्त करताना मी आणखी शहाणपणा केला: ओळ वरून कितवी आहे, त्यावरून सभासद ठरवायला लागलो. काकूंनी नावांनुसार यादी लावली आणि एका आजोबांचा दंड भलत्याच बाईंच्या खात्यावर चढला. त्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मी तर दिवाळीपासून पुस्तकच नेलेलं नाही!” आता ओळ घालतानाच तिची ओळख म्हणून डेटाबेसमधला आयडी देतो आणि निवडलेल्या ओळीचा तपशील पडद्यावरून न उचलता त्या आयडीवरून पुन्हा मागवतो. शून्यांचं दुखणंही त्यातच बरं झालं.

यादीतून ओळ निवडली की बाजूला एकच नोंद मोठ्या अक्षरांत उघडते: नाव, फोन, घरी असलेली पुस्तकं, परतीची तारीख. हे मी सहज केलं होतं, काकूंना सगळ्यात तेच आवडलं. त्यांच्या डोळ्यांना कार्डाची सवय. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावून या गावाला ग्रंथालयशास्त्राची ओळख करून दिली. तेव्हा एका नोंदीला एक कार्ड ही कल्पना इथे जुनी आहे, मला ती उशिरा सुचली इतकंच. त्यानंतर मी तक्त्यातले नऊ स्तंभ चारवर आणले. बाकीचं कार्डावर.

फलकावर लावायच्या थकबाकीसाठी चौथा प्रकार: प्रोग्राम एक साधं एचटीएमएल पान लिहितो, ब्राउझर उघडतो, तिथून छपाई. फाइल उघडताना यूटीएफ-८, म्हणजे मराठी अक्षरं साठवायची पद्धत, सांगायला विसरलो तर विंडोजवर त्रुटी आली; फाइलीत सांगितलं पण पानात नाही, तर नावांच्या जागी चिन्हांची रांगोळी. दोन्हीकडे सांगा. ब्राउझर मराठी अक्षरं आणि स्तंभ दोन्ही नीट मांडतो, त्यामुळे प्रिंटमध्ये जे दोन रात्रींत जमलं नाही ते इथे फुकट मिळालं.

अजून एक दुखणं होतं, क्रम. एसक्यूलाइट संकेतांच्या क्रमाने लावतं आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच बसलाय. म्हणून यादीत काळे, मग कावळे, मग काशीकर. शाळेत शिकलो त्या वर्णमालेत ळ तर ह नंतर, म्हणजे काळे शेवटी हवेत. तुलनेपुरता ळ ह च्या पुढे ढकलणारं छोटं फंक्शन ‘क्रिएट कोलेशन’ने, म्हणजे आपला क्रम डेटाबेसला शिकवायच्या सोयीने, जोडलं, दहा ओळींचं काम. गुजराती लिपीतली नावं मात्र सगळ्या देवनागरी नावांच्या खालीच जातात, त्यांचे संकेतच पुढचे आहेत. ती मिसळून देऊ का, असं काकूंना विचारलं. “नको रे,” त्या म्हणाल्या, “रजिस्टरातही ती शेवटच्याच पानांवर होती. मला तिथेच सापडतात.”