रेडिमेड इमर्जन्सी किटचा रिव्ह्यू: बॅग ठेवली, आतलं निम्मं काढून टाकलं

ऑनलाइन 'फॅमिली इमर्जन्सी किट' म्हणून जी लाल बॅग मिळते ना, ४० लिटरची, वरचं तोंड गुंडाळून बकल लावायचं आणि आत सामान भरूनच येतं, ती आम्ही घेतली, तिचा हा रिव्ह्यू. किंमत साडेतीन हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण डिट्टो असंच दिसणारं किट तीन-चार नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच, त्यामुळे नावापेक्षा आत काय येतं ते बघून घ्या.

कुणाच्या नजरेतून लिहितेय ते आधी सांगते. आम्ही कोल्हापूरचे, रमणमळ्याच्या खालच्या अंगाला घर, म्हणजे जुलै-ऑगस्टात सकाळी उठलं की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची आणि मग चहाचं आधण. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर, दोन्ही वेळेला घर सोडलं आणि दोन्ही वेळेला सामान म्हणजे साड्यांची गाठोडी, शाळेची दप्तरं आणि किराणा दुकानाच्या पिशव्या, एका हातात पोरगं आणि दुसऱ्या हातात कागदांची फाईल. किट त्यानंतर आलं. २०२४ च्या जुलैत पाणी ४७ च्या आसपास गेलं तेव्हा ते खरोखर पाठीवर घेऊन बाहेर पडलो, त्यामुळे हा नुसता पार्सल उघडून लिहिलेला रिव्ह्यू नाही. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं.

बॅग चांगली आहे, यात वाद नाही. कापड जाड, ताडपत्रीच्या जातीचं, शिलाई नाही, जोड वितळवून चिकटवलेत. आत कोरडा पेपर भरून तोंड गुंडाळून बाथरूममधल्या टबात वर बादली ठेवून दाबून ठेवली होती, काढली तर मुख्य कप्प्यातला पेपर कुरकुरीत. पण बाहेरच्या बाजूला जो चेनवाला खिसा आहे, ज्याच्यावर पांढऱ्या अक्षरात 'डॉक्युमेंट्स' लिहिलंय, त्यातल्या पेपरवर चेनच्या बरोबर खाली बोटभर रुंदीचा ओला पट्टा आला होता आणि तळाला चमचाभर पाणी साचलेलं. म्हणजे कागद ठेवायला जी जागा दिलीय तिथंच पाणी शिरतं, कमाल आहे की नाही! जाहिरातीत वॉटरप्रूफ लिहिलंय, आतल्या लेबलवर बारीक अक्षरात आयपीएक्स४, म्हणजे शिंतोडे आणि पाऊस झेलेल, बुडवून ठेवायची वस्तू नव्हे. बुडवायला आयपीएक्स७ लागतं. तोंड गुंडाळताना तीन वळसे तरी द्या, दोनच दिले की बकल बसतं पण कोपऱ्यातून पाणी झिरपतं, आणि तीन वळसे द्यायचे तर बॅग गच्च भरता येत नाही, म्हणजे ४० लिटर म्हणतात त्यातले ३० धरा.

आता आतलं सामान. हे ज्यानं भरलं त्याच्या डोळ्यासमोर एकटा तरणाबांड गडी होता जो जंगलात हरवलाय. शिट्टी, नायलॉनची दोरी, मल्टिटूल, चमकणाऱ्या कांड्या, फॉइलचं ब्लँकेट, हँडल फिरवायचा टॉर्च-रेडिओ, दोन रेनकोट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मलमपट्टीचा डबा आणि गोड एनर्जी बार. नाव फॅमिली किट आणि रेनकोट दोन! फॉइलचं ब्लँकेट सासूबाईंच्या अंगावर घालून बघितलं, ते वेफर्सच्या पुडीसारखं वाजायला लागलं, त्या म्हणाल्या, "अगं काढ हे, मला काय डब्यात भरून न्यायचंय का?" काढलं आणि जुनी मऊ गोधडी घातली, जागा जास्त खाते पण झोप लागते.

मुद्दा असा की आमचा पूर आणि किटवाल्याच्या डोक्यातली आपत्ती वेगळी आहे. पंचगंगा रात्रीत येऊन गळा धरत नाही, इंचाइंचानं चढते, एक-दोन दिवस सांगत असते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की किती तासांनी आपल्याकडे फुगवटा जाणवेल याचा हिशोब गल्लीतली म्हातारी माणसं तोंडावर करतात. नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली की आम्ही समजायचं की आता आवरायला घ्या. म्हणजे बॅग घेऊन पळायचं नसतं, बॅग घेऊन दुसऱ्याच्या घरी नाहीतर शाळेच्या वर्गात आठवडाभर राहायचं असतं, आणि तिथं शिट्टी काय कामाची? तिथं लागतात बीपीच्या गोळ्या, चार्जर, आतले कपडे, सॅनिटरी पॅड आणि कोरडी चादर. उलट चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं लोकांना आवरायला वेळच दिला नाही, पहाटे माणसं जी वरच्या मजल्यावर आणि कौलांवर गेली ती अंगावरच्या कपड्यांनिशी, तिथं मात्र शिट्टी, टॉर्च आणि चमकणारी कांडी सोन्याच्या मोलाची. त्यामुळे कोकणातल्या नदीकाठच्यांनी ह्या वस्तू काढू नका, माझं ऐकून टाकून द्याल आणि मला शिव्या घालाल.

पाण्याच्या गोळ्यांबद्दल जरा जास्त लिहिते कारण २०१९ ला कोल्हापुरात सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही अशी गत झाली होती, उपसा केंद्रंच पुरात गेली होती, टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं मी बघितलीत. तेव्हा किटमधली ही वस्तू मला सगळ्यात आवडली. पण पाकिटावर बघा, एक गोळी २० लिटरला आहे. सामानात मापाला काय, तर अर्धा लिटरची घडी होणारी बाटली! आता अर्ध्या लिटरला गोळीचा कितवा तुकडा घालायचा? म्हणून आम्ही २० लिटरचा झाकणाचा कॅन वेगळा ठेवलाय, पोरांचे कपडे त्यातच भरून नेतो म्हणजे जागा वाया जात नाही. पाणी गढूळ असेल तर आधी सुती कापड चारपदरी करून गाळा, मग गोळी, मग अर्धा तास थांबा, क्लोरीनचा वास येतो तो येऊ दे. गोळ्यांना एक्सपायरी असते, आमच्याकडे आलेल्या पाकिटाची वर्षभरच उरली होती. हे जुन्या मालाचं लक्षण, त्याचे मार्क कापलेत.

मलमपट्टीच्या डब्यात चिकटपट्ट्या भरपूर आणि ओआरएसचं एकही पाकीट नाही. पुरात माणूस पट्टीवाचून अडत नाही, जुलाबानं अडतो. ओआरएस घाला, सासूबाईंच्या इन्सुलिनचं पेन घाला, डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो नाही तर झेरॉक्सच घाला. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं पण उन्हातल्या गाडीत नाही, आणि तुमच्या पेनचं नक्की किती ते केमिस्टला नाहीतर डॉक्टरला विचारून ठेवा, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. आम्ही जास्तीची पेनं ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवली, वीज नव्हती तरी गार राहिली. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते, त्याच्या गोळ्या आपल्या मनानं नको, कॅम्पातले डॉक्टर देतात त्या घ्यायच्या.

हँडलचा रेडिओ-टॉर्च पोरांना फार आवडला, दोघं भांडून भांडून फिरवत होती. टॉर्च ठीक. रेडिओवर एफएम लागतं. पण ह्याच्यावर मोबाईल चार्ज होतो असं जे लिहिलंय ते विसरा, हात दुखेपर्यंत फिरवलं तरी टक्का हलेना. त्यापेक्षा चांगली २० हजार एमएएचची पॉवरबँक घ्या, लिहिलेल्यातलं साठ-पासष्ट टक्केच हातात येतं असं धरून चाला म्हणजे फोन तीनेक वेळा भरतो. डिजिलॉकरवर आधार, लायसन सगळं आहे आणि ते कायद्यानं चालतं, पण फोन मेला की डिजिलॉकर पण मेलं, आणि पंचनाम्याला तलाठी दारात येतो तेव्हा रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आधार यांच्या झेरॉक्स पटकन हातात असल्या की काम होतं. कागद आम्ही झिपच्या जाड पिशवीत घालून ती पिशवी मुख्य कप्प्याच्या तळाला ठेवतो, त्या 'डॉक्युमेंट्स' खिशात आता पोरांच्या चपला असतात.

एनर्जी बार कुणीच खाल्ले नाहीत. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या दाताला चिकटले आणि पोरांना वास आवडला नाही. जयसिंगपूरचा भडंग, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, विषय संपला. फक्त भडंग डब्यात न्या, बॅगेत दबून त्याचा चुरा होतो.

वजन. सगळं भरून आमची बॅग चौदा-पंधरा किलोच्या घरात जाते, आणि पट्टे साधे आहेत, कमरेचा पट्टा नाही, ह्यांनाच उचलावी लागते. हे का महत्त्वाचं ते सांगते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. बोटीत माणसं आधी, सामान नंतर, आणि तुमची लाल ढोल बॅग बघून बोटवाला म्हणाला ठेवा खाली, तर खाली ठेवावीच लागणार. म्हणून ठरवून टाकलंय, बोट यायच्या आधी निघायचं, ४३ ला बॅग दारात आणि ४५ च्या आत आम्ही नणंदेकडे, मामा कितीही म्हणोत की "एवढ्यात काय होतंय, २००५ ला मी इथंच होतो." निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधलेला, नाहीतर तो तरंगत शेजाऱ्याकडे जातो, हे २०१९ ला गल्लीत झालंय. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७ आणि ११२ हे दोन्ही नंबर बॅगेच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलेत.

कस्टमर केअरला खिशाच्या चेनबद्दल मेल टाकला तर उत्तर आलं की बॅग पाण्यात बुडवू नये. बरं!

मग घ्यावी का? नुसती बॅग वेगळी मिळत असेल तर ती घ्या, निम्म्याहून कमी पैशात येते, आतलं आपल्या घराप्रमाणे भरा. लक्ष्मीपुरीत ताडपत्रीवाल्यांकडे पण अशा बॅगा बघायला मिळाल्या, शिलाईच्या असतात, त्यामुळे आत जाड प्लास्टिकची पिशवी घालावी लागेल. पूर्ण किट चिपळूण-महाडकडच्या लोकांना जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. माझ्याकडून बॅगेला ५ पैकी ४, सामानाला २, कस्टमर केअरला काही नाही. आणि ऑर्डर मे महिन्यातच टाका, जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की तुमचं इमर्जन्सी किट पलीकडं ट्रकात आणि तुम्ही अलीकडं.