डिस्कॉर्ड: नेटवरच्या गड्यांबरोबर खेळायला कसं आहे?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, रात्री गेमला बसतो. सोबतची पोरं नेटवरच भेटलेली, त्यामुळं नाव-गाव कळू नये एवढीच माझी अट. त्या हिशोबानं डिस्कॉर्ड, म्हणजे गेमवाल्यांचं बोलायचं-चॅटचं अ‍ॅप, बरंय. व्हॉइस कॉल त्यांच्याच सर्व्हरमधनं जातो, म्हणून समोरच्याला आपला आयपी अ‍ॅड्रेस (नेट कनेक्शनचा पत्ता) दिसत नाही. घरच्या पीसीवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवून सगळ्यांना बोलावलं, तर मात्र तो आपणच त्यांच्या हातात देतो. डिस्कॉर्डला स्टीमचं (गेम विकत घ्यायच्या दुकानाचं) खातं जोडलं असेल तर ते प्रोफाइलवर दाखवायचं बटण आधी बंद करा.

डिस्कॉर्डमधलं क्रिस्पचं नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट गाळणारं सेटिंग, मिक्सर, पंखा झकास गिळतं. माणसाचा आवाज नाही! आमची आई जेवायला हाक मारते ती आडनावासकट. त्यावर पुश-टू-टॉक, म्हणजे बटण दाबलं तरच माइक चालू, हाच इलाज. आणि तोंडातनं 'नाद खुळा' सुटलं की जिल्हा कळलाच. त्याला कुठलं सेटिंग नाही.

२०२४ पासून व्हॉइस-व्हिडिओला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या कुणाला ऐकता-बघता येत नाही असं कुलूप) यायला लागलं, चॅटला नाही. फोन नंबर चॅटमध्ये टाकू नका. सर्व्हरची वर्गणी यूपीआयनं तर नकोच, तिथं बँकेतलं खरं नाव झळकतं.

पाचात चार.